चार टालर सोळा ग्रोशेनची शाळा

जर्मनीतल्या हाले शहराच्या वेशीबाहेर ग्लाउखा नावाची एक गरीब वस्ती होती. १६९५ साली ईस्टरच्या सुमारास तिथल्या पाळकांच्या घरातल्या दानपेटीत चार टालर आणि सोळा ग्रोशेन निघाले. कुणीतरी एकरकमी टाकून गेलं होतं. चोवीस ग्रोशेनचा एक टालर, म्हणजे एकूण ११२ ग्रोशेन. पाळकांचं नाव आउगुस्ट हेर्मान फ्रांके, वय बत्तीस. रक्कम हातात घेऊन ते म्हणाले, हे भांडवल चांगलं आहे, यातून काहीतरी भरीव उभं राहायला हवं. मी गरिबांची शाळा काढतो.

त्यांनी दोन टालरची पुस्तकं आणवली. विद्यापीठातल्या एका गरजू विद्यार्थ्याला मुलांना रोज दोन तास शिकवायला ठेवलं, पगार आठवड्याला सहा ग्रोशेन. दोन टालर म्हणजे अठ्ठेचाळीस ग्रोशेन, तेव्हा मास्तरांचे पैसे बरोब्बर आठ आठवड्यांनी संपणार. हे त्यांनी आधीच मोजलं होतं, आणि पुढचं देव बघेल असं म्हणून शाळा सुरू केली. जागा कुठली? स्वतःच्या अभ्यासिकेबाहेरची खोली.

१७२७ मध्ये फ्रांके वारले तेव्हा त्याच जागी शाळांचं एक गावच उभं होतं. बावीसशेहून अधिक मुलंमुली शिकत होती, दीडशेच्या वर शिक्षक होते, शंभरावर अनाथ मुलांचं राहणं-जेवण तिथं होतं. शिवाय विद्यापीठातले अडीचशे गरीब विद्यार्थी रोज तिथं फुकट जेवत. छापखाना, पुस्तकांचं दुकान, औषधशाळा, दवाखाना, ग्रंथालय, दुर्मिळ वस्तूंचं दालन, सगळं एकाच आवारात.

हे झालं कसं, याची दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. भाविक म्हणतात, श्रद्धेचा चमत्कार. इतिहासाचे अभ्यासक म्हणतात, राजाश्रय. मला दोन्ही अर्धी वाटतात. आठ आठवड्यांचा हिशेब मांडून नवव्या आठवड्याचा भार देवावर टाकणारा हा माणूस होता. त्याची श्रद्धा आणि त्याची खातेवही यांची फारकत केली की फ्रांके कळेनासे होतात.

फ्रांके यांचा जन्म १६६३ सालचा, ल्युबेक शहरातला. वडील कायदेपंडित होते. गोथाच्या सरदारांनी त्यांना नोकरीवर बोलावलं, म्हणून घर तिकडे हललं, आणि आउगुस्ट सात वर्षांचा असताना वडील गेले. मुलगा हुशार होता. एरफुर्ट, कील आणि लाइपझिगला शिकला, ग्रीक आणि हिब्रू भाषांत पारंगत झाला. हिब्रू तर त्यांनी हाम्बुर्गच्या एका नामवंत पंडिताकडे जाऊन आत्मसात केली.

पण १६८७ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ल्युनेबुर्गला एक पेच आला. तिथं त्यांना उपदेश द्यायचा होता. वचन निवडलं होतं योहानाच्या शुभवर्तमानातलं, विसाव्या अध्यायातलं एकतिसावं: तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिलं आहे. तयारीला बसले आणि लक्षात आलं, की ज्या विश्वासाबद्दल आपण लोकांना सांगणार तो आपल्यापाशीच नाही. बायबल खरं कशावरून? यहुदी आपल्या ग्रंथाला खरं म्हणतात, तुर्क कुराणाला, मग बरोबर कोण? इतकं शिकूनही या प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. उपदेश रद्द करावा इथवर विचार आला. ज्या देवाबद्दल खात्री नव्हती त्याच्यापुढेच गुडघे टेकले. उठले तेव्हा शंका गेलेली होती. तळहात उलटावा तशी गेली, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. काही दिवसांनी उपदेश झाला.

हा प्रसंग मी सविस्तर सांगितला, कारण ज्या पंथाचे ते अध्वर्यू झाले तो समजायला हीच किल्ली आहे. त्या पंथाला पायेटिझम म्हणतात.

मार्टिन ल्युथर यांनी सोळाव्या शतकात रोमच्या चर्चशी फारकत घेतली, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली होती. तीस वर्षांचं युद्ध १६४८ मध्ये संपलं, जर्मन गावंच्या गावं त्यात ओस पडली. पण ल्युथरच्या अनुयायांचं चर्च सिद्धांतांच्या वादात गुंतलं होतं. पाळक व्यासपीठावरून दुसऱ्या पंथाची मतं खोडून काढायचे, समोरचा शेतकरी पेंगायचा. रविवारी हजेरी लागली, बाप्तिस्मा झालेला असला, की माणूस ख्रिस्ती झाला. फिलिप याकोब श्पेनर या पाळकांनी याला हरकत घेतली. १६७५ मध्ये त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणं साधं होतं: लोकांनी घरोघरी लहान गटात बसून बायबल वाचावं, त्यावर बोलावं, आणि धर्म वागण्यात दिसावा. वादात जिंकणं म्हणजे धर्म जाणणं नव्हे.

आज यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. तेव्हा मात्र सामान्य कारागीर आणि बायकामाणसं पाळकाविना बायबलचा अर्थ लावत बसणं हे बंडासारखंच होतं. श्पेनर यांच्या सहवासात राहून फ्रांके लाइपझिगला परतले आणि विद्यार्थ्यांना तशाच पद्धतीनं शिकवू लागले. गर्दी लोटली, प्राध्यापक बिथरले, १६९० मध्ये अशा बैठकांवर बंदी आली. फ्रांके एरफुर्टला गेले, तिथंही तेच. १६९१ मध्ये त्यांना शहर सोडायचा हुकूम झाला. पायेटिस्ट हा शब्दही आधी चिडवण्यासाठीच होता, सोवळ्यातले भक्त अशा अर्थानं. त्या मंडळींनी तो अंगाला लावून घेतला.

ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्यांना हाले इथं नवं विद्यापीठ काढायचं होतं आणि जुन्या वादांत न अडकलेली माणसं हवी होती. श्पेनर यांचं तिथं वजन होतं. १६९२ च्या जानेवारीत फ्रांके हालेला पोचले. त्यांना पूर्वेकडच्या भाषांचं प्राध्यापकपद मिळालं आणि जोडीला ग्लाउखाच्या चर्चचं पाळकपद.

ग्लाउखाची स्थिती वाईट होती. १६८२ च्या प्लेगमध्ये निम्म्याहून अधिक माणसं गेली होती. उरलेल्या दोनशेएक घरांपैकी सदतीस दारूचे गुत्ते होते, असं सांगतात. दर गुरुवारी भिकारी पाळकांच्या दारात भाकरीसाठी यायचे. भाकरी वाटता वाटता फ्रांके त्यांना घरात घेऊ लागले, मोठी माणसं एका बाजूला, पोरं दुसऱ्या बाजूला, आणि धर्माचे साधे प्रश्न विचारू लागले. मुलांना काहीच येत नव्हतं. शाळेच्या फीसाठी पैसे दिले तर पैसे संपायचे, मूल शाळेत जायचंच नाही. दानपेटी त्यांनी लावली ती यानंतर.

आणि आता त्या पुस्तकांचं काय झालं ते. सत्तावीस मुलांना पुस्तकं वाटली, मुलं घरी घेऊन गेली. परत आली चार. बाकीच्यांनी पुस्तकं विकून टाकली आणि तोंडच दाखवलं नाही. दान देणाऱ्या भल्या माणसांचा हात इथं आखडतो. या लोकांना कितीही करा, असं म्हणून ते मोकळे होतात. फ्रांके यांनी उरलेल्या पैशांतून पुन्हा पुस्तकं घेतली आणि नियम बदलला: पुस्तकं शाळेतच राहतील. मला या माणसाबद्दल आदर वाटायला लागतो तो इथून. ज्या घरात भाकरी नाही त्या घरात पुस्तक टिकत नाही, हे त्यांनी मुलांच्या माथी मारलं नाही, व्यवस्थेत दुरुस्ती केली.

शिकवणी चांगली आहे हे पाहून खाऊनपिऊन सुखी घरचे लोकही फी भरून मुलं पाठवू लागले. त्याच वर्षी दूरच्या उमराव घराण्यांनी मुलांसाठी शिक्षक मागितले, त्यातून सरदारांच्या मुलांचं वसतिगृह आणि शाळा निघाली. त्याच वर्षी एका दात्यानं पाचशे टालर दिले. त्या व्याजात एका अनाथ मुलाचा सांभाळ होईल असा विचार होता. एका मुलासाठी विचारणा केली तर चार भावंडं समोर आली. चौघांतून एकाला कसं निवडणार? चारही ठेवून घेतली. वर्ष संपेस्तोवर नऊ झाली.

यानंतरचा पसारा जमाखर्चाच्या अंगानं बघायला हवा, कारण निव्वळ दानावर एवढं चालत नाही. दान पावसासारखं असतं, कधी धो धो, कधी थेंब नाही. फ्रांके यांनी विहिरी खणल्या.

पहिली विहीर म्हणजे शिक्षकांची. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, आज या घरी, उद्या त्या घरी. हालेच्या विद्यापीठातही असे पोटाला मोताद झालेले विद्यार्थी होतेच. फ्रांके यांनी त्यांच्यासाठी एकच कायमची पंगत मांडली आणि बदल्यात रोज दोनेक तास शाळेत शिकवायचं ठरवलं. शाळेला जवळजवळ फुकटात मास्तर मिळाले, विद्यार्थ्यांचं पोट भरलं, आणि त्यांना मुलांसमोर उभं राहायचा सराव झाला. पुढे या तरुणांना शिकवायचं कसं हे शिकवणारे वर्गही सुरू झाले. जर्मनीतल्या शिक्षक प्रशिक्षणाची सुरुवात यातूनच मोजतात. हे विद्यार्थी पाळक, शिक्षक होऊन प्रशियाभर, म्हणजे ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्यांच्या मुलखात, पसरले आणि जिथं गेले तिथं हालेची पद्धत घेऊन गेले.

दुसरी विहीर छपाईची. हाइनरिश युलिउस एलर्स नावाचे सहकारी फ्रांके यांचा एक छापील उपदेश घेऊन १६९८ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत टेबल मांडून बसले. खप झाला, पैसे आले, पुस्तकांचा व्यवसाय सुरू झाला. आणि १७१० मध्ये कार्ल हिल्डेब्रांट फोन कान्श्टाइन या उमरावाबरोबर बायबल छापण्याची जी योजना आखली, ती मला या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

त्या काळी छपाई कशी व्हायची बघा. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान, पानांचा फर्मा. फर्मा छापून झाला की अक्षरं सोडवून परत खणांत टाकायची आणि त्याच अक्षरांनी पुढचा फर्मा जुळवायचा. अख्ख्या बायबलची अक्षरं एका वेळी कुणाकडेच नसायची, इतका टाइप परवडणार कुणाला? त्यामुळे दर आवृत्तीला सगळी जुळणी पहिल्यापासून, पुन्हा तीच मजुरी आणि पुन्हा नव्या चुका. कान्श्टाइन यांनी देणग्या मागितल्या त्या बायबलच्या प्रती वाटायला नव्हे, शिसं विकत घ्यायला. पुस्तकभर पुरेल इतका टाइप एकदाच घ्यायचा, पानं जुळवायची आणि कधीच सोडायची नाहीत. लागतील तेव्हा लागतील तेवढ्या प्रती काढायच्या. एखादी चूक सापडली तर तेवढं अक्षर बदलायचं, म्हणजे प्रत्येक छपाईत पुस्तक आणखी शुद्ध. १७१२ मध्ये नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्ताबद्दलचा भाग, दोन ग्रोशेनला मिळू लागला. आधीच्या हिशेबानं बघा: त्या पहिल्या मास्तरांच्या एका आठवड्याच्या पगारात नव्या कराराच्या तीन प्रती. घरोघरी बायबल वाचलं जावं हे श्पेनर यांचं म्हणणं होतं, ते या शिशाच्या पानांनी शक्य केलं.

तिसरी विहीर औषधांची. संस्थेचे वैद्य क्रिस्टियान फ्रीडरिश रिश्टर यांनी बनवलेली औषधं, विशेषतः सोन्याचा अर्क म्हणून प्रसिद्ध झालेलं एक औषध, छापील माहितीपत्रकांसह पार रशियापर्यंत विकली जात. पुढे अमेरिकेतही गेली. त्यांचा गुण आजच्या कसोटीवर किती उतरेल हा वेगळा प्रश्न. पण गरिबांना औषध फुकट आणि श्रीमंतांना विकत, हा हिशेब चोख होता.

राजाश्रय यात कुठे बसतो? १६९८ च्या सनदेनं संस्थेला करमाफी, छापखान्याचा आणि औषधशाळेचा अधिकार दिला. तो नसता तर विहिरी खणायला जमीनच मिळाली नसती, हे कबूल करायलाच हवं. पण पाणी संस्थेनं स्वतः काढलं.

इमारतीही हिशेबानं उभ्या राहिल्या. आधी गेओर्ग हाइनरिश नॉयबाउअर या सहकाऱ्याला लांबलचक प्रश्नावली देऊन हॉलंडला पाठवलं, तिथले अनाथाश्रम कसे चालतात ते पाहून यायला. जुलै १६९८ मध्ये पायाभरणी झाली, ती 'सोनेरी गरुड' नावाच्या गुत्त्याच्या जागेवर. मुख्य इमारतीच्या माथ्यावर सूर्याकडे झेपावणारे दोन गरुड आहेत आणि खाली बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन: परमेश्वराची आशा धरणाऱ्यांना नवं बळ मिळतं, ते गरुडासारखे पंख पसरून वर चढतात. मागचं लांब घर शंभर मीटरहून मोठं, सहा मजली, लाकडी चौकटीचं. ते अजून उभं आहे.

शिकवण्यातही नवं पुष्कळ होतं. मूल गणितात कच्चं आणि लॅटिनमध्ये पक्कं असेल तर ते गणिताला खालच्या वर्गात आणि लॅटिनला वरच्या वर्गात बसायचं. मुलींसाठी १६९८ मध्ये वेगळी वरची शाळा निघाली. ती फार काळ टिकली नाही, पण मुलींना ग्रीक-हिब्रू शिकवू पाहणारी शाळा त्या काळात निघाली हेच खूप. वस्तू हातात घेऊन शिकावं म्हणून शिंपले, खनिजं, दूरदेशीची हत्यारं, मूर्ती जमवल्या. पुढे पोटमाळ्यावर मांडलेल्या त्या दालनात आजही छताला मगर टांगलेली दिसते.

आता दुसरी बाजू, आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. या मुलांना खेळ नव्हता. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, आणि वेळ देवाचा. फुरसतीत लाकूड कातणं, काच घासणं, बागकाम, कारागिरांच्या भेटी. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रार्थना, वर्ग, काम, आणि सतत कुणाची तरी नजर. मुलाची स्वतःची इच्छा मोडल्याशिवाय तो देवाकडे वळत नाही, असं फ्रांके मनापासून मानत. ल्युनेबुर्गला त्यांना स्वतःला जे एका रात्री आपसूक मिळालं, ते मुलांकडून वेळापत्रकानं करवून घ्यायला निघाले, असं मला वाटतं. उपाशी मुलाला भाकरी, अंथरूण आणि अक्षर देणाऱ्यानंच त्याच्या हातातला चेंडू काढून घ्यावा, याचं वाईट वाटतं.

दुसरा डाग क्रिस्टियान वोल्फ यांच्या प्रकरणाचा. वोल्फ हालेच्याच विद्यापीठातले तत्त्वज्ञ. १७२१ मध्ये त्यांनी भाषण केलं, की ख्रिस्ती धर्म ठाऊक नसतानाही चिनी लोकांनी केवळ बुद्धीच्या बळावर उत्तम नीतिशास्त्र उभं केलं. धर्मशास्त्राचे प्राध्यापक खवळले, त्यांत फ्रांके होते. १७२३ मध्ये प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला यानं हुकूम काढला: अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोडा, नाहीतर फाशी. फ्रांके यांना यात आपल्या प्रार्थनेचं उत्तर दिसलं. ज्यांना स्वतःला बत्तीस वर्षांपूर्वी एका शहरातून असंच घालवलं होतं, त्यांना ते आठवलं नाही.

हालेचा आपल्याशी संबंध येतो तो समुद्रामार्गे. डेन्मार्कचा राजा फ्रीडरिक चौथा याला तमिळ किनाऱ्यावरच्या आपल्या वसाहतीत, तरंगंबाडीला, धर्मप्रचारक पाठवायचे होते. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्लुट्शाउ तिथं उतरले. पैसा, माणसं, औषधं, पुस्तकं यांची पाठराखण हालेनं केली. तमिळ अक्षरांचे टाइपही हालेहून आले आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला. प्रचारकांची पत्रं फ्रांके छापून युरोपभर पाठवत, आणि ती वाचून देणग्या येत. मात्र त्सीगेनबाल्ग यांनी दक्षिणेतल्या देवदेवतांवर आस्थेनं लिहिलेला ग्रंथ १७१३ मध्ये पाठवला, तो हालेला छापला गेला नाही. तो प्रकाशित झाला थेट १८६७ मध्ये, मद्रासला.

याच वाटेनं १७५० मध्ये आणखी एकजण आला. क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ. फ्रांके त्याच्या लहानपणीच वारले होते, पण शिक्षण हालेचं. तो पुढे तंजावरला राहिला, तमिळबरोबर मराठीही शिकला, कारण तंजावरच्या भोसल्यांच्या दरबाराची भाषा ती होती. तुळजाराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि या पाळकांना मुलावर लक्ष ठेवायला सांगितलं. वारसाचा तंटा झाला, मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्ट्झ यांनी त्याला सोडवून मद्रासला शिकायला पाठवण्याची तजवीज केली. सरस्वती महाल ग्रंथालयाला वैभव आणणारे, तंजावरला देवनागरी छापखाना काढणारे, १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत 'बालबोध मुक्तावली' म्हणून छापवून घेणारे सरफोजीराजे ते हेच. दुर्मिळ वस्तू जमवण्याची, शाळा काढण्याची, मुलांसाठी पुस्तकं छापण्याची त्यांची ओढ पाहिली की हालेचं ते आवार आठवतंच.

सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी गेले. तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये सरफोजींनी इंग्लंडहून घडवून आणलेलं संगमरवरी शिल्प आहे: अंथरुणावर पाळक, आणि त्यांचा हात हातात घेऊन उभा असलेला मराठा राजपुत्र. समाधीच्या दगडावर सरफोजींनी स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी कोरल्या आहेत. त्यांत त्यांनी आपल्या गुरूला म्हटलं आहे, अनाथांचा पिता, विधवांचा आधार.